ऑस्ट्रेलियातलं मँचेस्टर आणि सोलापूरच्या शेंगा: इंग्रजी शब्द देश बदलला की अर्थ का बदलतात

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलचा एक कारखाना आहे, तिथं मी एक्सपोर्टची कागदपत्रं बघते. नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. मेलबर्नहून एक मेल आला, त्यात शेवटी लिहिलेलं की हा सगळा माल मँचेस्टरचा आहे, कार्टनवर तसं छापा. मी मेल दोनदा वाचला आणि सरळ फॉरवर्डरला, म्हणजे माल जहाजानं पाठवायची व्यवस्था करणाऱ्या एजंटला, फोन लावून न्हावा शेवा ते मँचेस्टरचा दर मागितला, कारण मला वाटलं पार्टी ऑस्ट्रेलियाची असली तरी माल इंग्लंडला उतरवायचा असेल, असं होतंही कधीकधी. दर आला, तो मी पार्टीला कळवला, आणि सकाळी ऑफिसला येऊन बघते तर उत्तर आलेलं की आमचा माल तुम्ही इंग्लंडला का पाठवताय?

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये मँचेस्टर म्हणजे घरातलं कापड. बेडशीट, उशीचे अभ्रे, टॉवेल, सगळं त्यात आलं. मोठ्या दुकानात जसा आपल्याकडे साडी विभाग असतो तसा तिथं मँचेस्टर विभाग असतो आणि तिथल्या कुणालाच त्यात वेगळं काही वाटत नाही. एकोणिसाव्या शतकात तिकडं सुती माल जहाजानं यायचा तो इंग्लंडच्या मँचेस्टर भागातल्या गिरण्यांचा, म्हणून तो मँचेस्टरचा माल. पुढं ‘चा माल’ गळून गेलं, नुसतं मँचेस्टर उरलं. आता टॉवेल सोलापूरहून जातो तरी नाव तेच. आणि हे तुम्ही खुद्द मँचेस्टरमधल्या दुकानदाराला विचारलंत तर त्याला काहीच कळणार नाही.

त्या दिवसापासून मी एक वही केलीय. ज्या इंग्रजी शब्दानं आमच्या ऑफिसला फसवलं तो शब्द त्यात जातो, कुठल्या देशात काय अर्थ हे शेजारी लिहायचं. बारा कोसांवर भाषा बदलते हे आपण सगळेच म्हणतो, पण ती कशी बदलते, नेमकं काय होतं, हे कुणी नीट सांगत नाही, आणि माझ्या मते ते समजून घेणं फार गरजेचं आहे कारण त्यापायी आपल्याकडची किती हुशार पोरं उगाच मान खाली घालून बसतात. त्यावर पुढं येते.

आधी इंग्रजी बाजूला ठेवू. सोलापुरात कुणी म्हणालं की बाजारातून शेंगा आणल्यात, तर कसल्या शेंगा असं कुणी विचारत नाही. भुईमुगाच्याच. खरंतर शेंग तुरीलाही असते, मुगाला असते, शेवग्याला तर हातभर असते, पण आपल्याकडं शेंगांची चटणी म्हटलं की ती उखळात कुटलेली, तेल सुटलेली, लाल चटणी डोळ्यापुढं येते. दाण्याचंही तसंच. दाणा हा कुठल्याही धान्याचा असतो, ज्वारीचं कणीस दाण्यानं भरतं, चिमणी दाणे टिपते, पण स्वयंपाकघरात दाण्याचं कूट म्हणजे शेंगदाण्याचं. आता बघा, भुईमूग आपला नाहीच. तो दक्षिण अमेरिकेतला, युरोपातल्या लोकांच्या जहाजांतून जगभर गेला तसा आपल्याकडं आला. म्हणजे बाहेरून आलेल्या पिकानं आपले दोन जुने सरसकट शब्द स्वतःच्या नावावर करून घेतले आणि ते आपल्या ध्यानातही आलं नाही.

इंग्रजीत कॉर्न या शब्दाचं अगदी हेच झालंय. मूळ अर्थ दाणा, कण. इंग्लंडमध्ये कॉर्न म्हणजे धान्य, आणि जिथं जे मुख्य पीक तिथं ते कॉर्न, म्हणून इंग्लंडच्या शेतकऱ्याचं कॉर्न म्हणजे बहुतेक गहू, स्कॉटलंडच्या शेतकऱ्याचं ओट्स. इतिहासाच्या पुस्तकात कॉर्न लॉज वाचले असतील, १८१५ ला आले, १८४६ ला रद्द झाले, ते कायदे बाहेरून येणाऱ्या धान्यावरच्या जकातीचे होते, मुख्यतः गव्हाचे. शाळेत असताना मला वाटायचं एवढी भांडणं मक्यावरून झाली! आणि कॉर्न्ड बीफ म्हणतात त्यात मक्याचा दाणाही नसतो, मिठाचे जाड खडे लावून मुरवलेलं मांस ते, तिथं कॉर्न म्हणजे मिठाचा खडा. तर हे इंग्रज अमेरिकेत गेले तेव्हा तिथले मूळ लोक मका पिकवत होते. या नव्या पिकाला त्यांनी इंडियन कॉर्न म्हटलं, म्हणजे इथल्या लोकांचं धान्य. मग इंडियन गळालं. कॉर्न म्हणजे मका. आपल्याकडं मॉलमध्ये कपात स्वीट कॉर्न मिळतं ते अमेरिकेच्या अर्थाचं.

भाकरी म्हटलं की सोलापुरात ज्वारीची, कोकणात तांदळाची, आणि दोघांनाही पुढं काही जोडावं लागत नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीवर वाढलेल्या माणसाला कोकणात पाहुणा म्हणून बसवा आणि पानात पांढरीशुभ्र मऊ भाकरी वाढा, तो ही कसली भाकरी असं विचारेलच. शब्द तोच, पण बोलणाऱ्याच्या डोळ्यापुढं जे चित्र सगळ्यात आधी येतं ते वेगळं. अर्थ बदलण्याची पहिली पायरी ही असते. माणसं नवीन जागी जातात, सोबत भांडीकुंडी नेतात तसे शब्द नेतात, आणि तिथं जे समोर दिसेल त्याला जवळचा शब्द चिकटवतात. इंग्लंडचा रॉबिन हा लाल छातीचा चिमुकला पक्षी. अमेरिकेत गेलेल्यांना तिथं एक तांबूस छातीचा पक्षी दिसला, चांगला मोठा, जातही वेगळी, पण छाती बघून त्यालाही रॉबिनच म्हणाले. घरची आठवण येत असणार, दुसरं काय.

आता माझ्या धंद्यातले शब्द, कारण कापडाच्या शब्दांनी जेवढा प्रवास केलाय तेवढा क्वचित कुणी केला असेल, आणि त्यातले कितीतरी आपल्याकडूनच निघालेत. कॅलिको हे नाव कालिकतवरून पडलं. इंग्लंडच्या पार्टीनं कॅलिको मागितलं तर साधं, न छापलेलं, न धुतलेलं सुती कापड पाठवायचं. अमेरिकेच्या पार्टीनं मागितलं तर बारीक फुलाफुलांचं छापील. आणि इंग्लंडवाला ज्याला कॅलिको म्हणतो त्या साध्या कापडाला अमेरिकेत मसलिन म्हणतात, जे ऐकून आपल्याला वाटतं की ढाक्याची अंगठीतून जाणारी मलमल मागतायत. डंगरी हा शब्द मुंबईच्या डोंगरीचा. तिथं मिळणारं जाडंभरडं कापड ते डंगरी, पुढं त्या कापडाचे कपडे ते डंगरीज. इंग्लंडमध्ये त्याचा अर्थ राहिला खांद्यावर पट्टे असलेली कामाची तुमान, अमेरिकेत जुने लोक साध्या जीन्सला डंगरीज म्हणतात. डोंगरीत आज कुणाला विचारलं तर यातलं काहीच आठवणार नाही.

पण मला सगळ्यात आवडतो तो कॉट. आपली खाट. इंग्रज इथं आले, खाटेवर झोपले, शब्द उचलला आणि कॉट करून घेऊन गेले. इंग्लंडमध्ये जाऊन त्याचा अर्थ झाला तान्ह्या बाळाचा कठड्याचा पलंग. अमेरिकेत गेल्यावर झाला घडीचा पलंग, शिकारीला, शिबिराला, लष्करात वापरतात तो. आणि फिरून आपल्याकडं आला तेव्हा आपण सुतळीच्या विणीचं राहिलं त्याला खाट म्हणत राहिलो आणि लाकडी नाहीतर लोखंडी पलंगाला कॉट म्हणायला लागलो, जणू दोन वेगळ्या वस्तू. आमच्याकडं एकदा इंग्लंडवरून कॉट ब्लँकेटची चौकशी आली. सॅम्पलिंगवाल्यानं सिंगल बेडचं, ६० बाय ९० इंचाचं सॅम्पल लावायला घेतलं, कारण त्याच्या घरी कॉटवर तेच माप लागतं, बिचाऱ्याचं काय चुकलं. मी मेलच्या खाली जोडलेला कागद उघडला तर गादीचं माप ६० बाय १२० सेंटिमीटर. एवढ्याशा गादीवर मोठं माणूस मावणार कुठं? तिथं ट्यूब पेटली की हे बाळासाठी आहे. बाळाचं म्हटल्यावर रंग वेगळा, रंगाच्या टेस्ट वेगळ्या, सगळंच वेगळं. माप होतं म्हणून त्या दिवशी वाचलो.

नॅपकिन तर आमच्याकडं रोजच छळतो. सोलापुरात नॅपकिन म्हणजे हात पुसायचा छोटा टॉवेल, डब्यासोबत पिशवीत घालतात तो. अमेरिकेत नॅपकिन म्हणजे जेवताना मांडीवर घ्यायचं कापड, बहुतेक वेळा कागदाचंच. इंग्लंडमध्ये याच नॅपकिनचं लाडाचं रूप नॅपी, आणि नॅपी म्हणजे बाळाचं लंगोट. त्याला अमेरिकेत डायपर म्हणतात. आता डायपर हा शब्द आपल्या मागवाल्यांच्या गल्लीतला आहे बरं का. डायपर म्हणजे बारीक बारीक चौकटींची, शंकरपाळ्यासारखी वीण. त्या विणीच्या कापडाचे रुमाल करायचे, टेबलावरचे कपडे करायचे, त्याचेच पुढं बाळाला बांधायचे तुकडे, आणि अमेरिकेत विणीचं नाव बाळाच्या कमरेला जाऊन बसलं. तोंड पुसायच्या चौकोनी छोट्या टॉवेलला अमेरिकेत वॉशक्लॉथ, इंग्लंडमध्ये फ्लॅनेल, ऑस्ट्रेलियात फेस वॉशर म्हणतात. तिन्ही एकाच लूमवरून, एकाच मापाचे, लेबल तेवढी वेगळी.

लूम म्हटल्यावर जॉबरची आठवण झाली. आमच्या शेडमध्ये अण्णा म्हणून एक जॉबर आहेत, पूर्व भागातले, घरी तेलुगू बोलतात, आमच्याशी मराठी, शेजारच्या लूमवाल्याशी कानडी. जॉबर म्हणजे लूम बिघडला की दुरुस्त करणारा, माग चालता ठेवणारा माणूस. मुंबईच्या कापडगिरण्यांत जुन्या काळी जॉबर म्हणजे कामगार भरती करणारा मुकादम, गावाकडून माणसं आणायची, कामावर लावायची, त्यांच्यावर लक्ष ठेवायचं, त्याचा दरारा मोठा होता. आणि लंडनच्या शेअरबाजारात १९८६ पर्यंत जॉबर म्हणजे शेअर घेऊन ठेवणारे आणि विकणारे. अमेरिकेत घाऊक व्यापारी. मी हे अण्णांना सांगितलं तर ते हातातला पाना खाली ठेवून म्हणाले, “मॅडम, माल घेणारा वेगळा, माणूस आणणारा वेगळा, पण मधला माणूसच की तो.” मला हे एकदम पटलं. जॉब म्हणजे सुटं काम, आणि ते सुटं काम दोन टोकांत जुळवून देणारा तो जॉबर, मग माल असो, माणूस असो नाहीतर तुटलेला धागा असो. अर्थ बदलतो तेव्हा तो वाटेल तिकडं उडी मारत नाही, जुन्या अर्थाचा एखादा धागा धरूनच सरकतो. तो धागा सापडला की शब्द परका वाटत नाही.

दुसरा एक प्रकार आहे. शब्द बदलत नाहीत, ते थांबतात, आणि जिथून निघाले ते गाव पुढं निघून जातं. जुन्या पुणे नाक्याजवळ गॅरेजवाल्याकडं गाडी लावली की तो विचारणार, स्टेपनी आहे का? स्टेपनी हे वेल्समधल्या लनेली गावातल्या एका रस्त्याचं नाव. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या एका कंपनीनं गाडीसाठी जादा चाक बनवायला सुरुवात केली, कंपनीनं नाव घेतलं त्या रस्त्यावरून, आणि ते चाक जिथं जिथं विकलं गेलं तिथं तिथं नावही गेलं. आज इंग्लंडमध्ये कुणी स्टेपनी म्हणत नाही, विसरले ते. आपल्याकडं ज्यानं आयुष्यात वेल्सचं नाव ऐकलं नाही असा मेकॅनिक तो शब्द रोज वापरतो. डिकीही तशीच. जुन्या गाड्यांना मागं उघडायची जादा सीट असायची, ती डिकी सीट. ती सीट गेली, तिथं सामान ठेवायची जागा आली, इंग्रज तिला बूट म्हणायला लागले, अमेरिकन ट्रंक, आपण डिकीच म्हणत राहिलो. सायलेन्सर आपला आणि इंग्लंडचा सारखा, अमेरिकेत तो मफलर, आणि मफलर आपल्याकडं गळ्याला गुंडाळायचा. अमेरिकेत सायलेन्सर म्हटलंत तर समोरच्याला बंदूक आठवेल, तेवढं जपून.

ऑफिसात आपण लिहितो ना, प्लीज डू द नीडफुल, त्याला हल्ली लोक हसतात, हे कसलं इंग्रजी म्हणतात. ते इंग्रजांच्या कचेऱ्यांचंच इंग्रजी आहे. ते त्यांनी टाकून दिलं, आपल्या फायलींत ते राहिलं. आजीनं जपून ठेवलेल्या पितळी डब्यासारखं. माझी आजी ब्लाउजला शेवटपर्यंत झंपर म्हणायची, तोही इंग्रजी जंपर, जो आज इंग्लंडमध्ये स्वेटर आहे आणि अमेरिकेत बिनबाह्यांचा झगा आहे, ब्लाउज घालून वरून चढवायचा. आजीच्या पेटीत मात्र तो लुगड्यावरचा झंपरच राहिला.

आता येते त्या पोरांवर. माझी भाची इथं कॉलेज करून पुण्याला एका इंटरव्ह्यूला गेली. तिनं सांगितलं, आय पास्ड आउट इन अमुक साली. समोर बसलेला माणूस हसला आणि म्हणाला, पास आउट म्हणजे बेशुद्ध पडणं, तू त्या वर्षी बेशुद्ध पडलीस का? बाकीचे दोघंही हसले. पोरगी घरी आली ती एक शब्द इंग्रजी बोलेना. रात्री मला फोन करून म्हणते, “मावशी, मला येतच नाही गं इंग्रजी.” मला त्या माणसाचा इतका राग आला की झोप लागली नाही, कारण तो स्वतःच अर्धवट माहितीवर हसत होता. पासिंग आउट परेड हा ब्रिटिश सैन्याचा शब्द आहे. प्रशिक्षण संपवून बाहेर पडणं म्हणजे पास आउट होणं. त्याच पुण्याजवळ खडकवासल्याला एनडीएची पासिंग आउट परेड होते, पेपरात फोटो येतात, तिथं कुणी बेशुद्ध पडलं असं कुणी म्हणत नाही. आपण तो शब्द परेडच्या मैदानावरून कॉलेजात आणला, एवढंच. अमेरिकन माणसाशी बोलताना ग्रॅज्युएटेड म्हण, हे तिला सांगायला हवं होतं, नक्की, पण ते समजावून सांगता येतं, हसून नव्हे.

आपल्या इंग्रजीत असे बरेच शब्द आहेत ज्यांच्या खाली मराठी, हिंदी, तेलुगू, कानडी असं काहीतरी वाहत असतं. वर्गात पोरगं उठून म्हणतं, सर, आय हॅव अ डाउट. इंग्लंडच्या मास्तरला वाटेल ह्याला माझ्यावर विश्वास नाही. पण आपल्याकडं शंका या एका शब्दात दोन्ही मावतं, संशय पण आणि न समजलेलं विचारायचं ते पण, म्हणून डाउटच्या पोटातही आपण दोन्ही घातलं. कझिन ब्रदर म्हणजे चूक असं शिकवतात, पण ज्याच्या घरात चुलतभाऊ, मामेभाऊ, आतेभाऊ, मावसभाऊ हे सगळे भाऊच आहेत आणि राखीला रांगेत बसतात त्याला नुसतं कझिन म्हणणं म्हणजे भाऊ हा शब्दच काढून टाकल्यासारखं वाटतं, शिवाय भाऊ की बहीण तेही कळत नाही. प्रीपोन आपणच वापरात आणला, पोस्टपोनच्या उलट, आणि तो इतका सोयीचा आहे की ऑक्सफर्डच्या कोशातही आता आहे. हॉटेल म्हणजे आपल्याकडं चहा-भजी, राहायचं असेल तर लॉज. मटण म्हणजे इंग्लंडमध्ये मेंढीचं, आपल्याकडं बोकडाचं, सोलापूरच्या सावजी खानावळीत जाऊन बघा.

काश्मीरमध्ये जन्मलेले ब्रज काचरू नावाचे भाषाशास्त्रज्ञ होते, त्यांनी अमेरिकेत शिकवताना हाच मुद्दा आयुष्यभर लावून धरला. १९८३ मध्ये त्यांचं भारतीय इंग्रजीवरचं पुस्तक आलं. १९८५ मध्ये त्यांनी इंग्रजीची तीन वर्तुळं मांडली, आत इंग्लंड-अमेरिकेसारखे देश, मधल्यात भारत, नायजेरिया, सिंगापूरसारखे, जिथं इंग्रजी बाहेरून आली पण कोर्टकचेरीत, शाळेत मुरली, आणि बाहेरच्या वर्तुळात चीन, जपानसारखे. काचरूंचं म्हणणं असं की मधल्या वर्तुळातल्या लोकांनी बनवलेली इंग्रजी ही मोडकी इंग्रजी नाही, ती त्यांची इंग्रजी आहे, तिलाही स्वतःची चाल आहे. मला वाटतं हे प्रत्येक इंग्रजीच्या मास्तरांना पहिल्या दिवशी सांगायला हवं.

याचा अर्थ काहीही कसंही लिहा असा मात्र नाही, कारण अर्थ चुकला की नुकसान होतं, आणि फसगत फक्त आपलीच होते असंही नाही. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज आणि अमेरिकन अधिकारी एकत्र बसले होते, एका कागदावर खूप वेळ भांडले, आणि नंतर कळलं की दोघांना एकच गोष्ट हवी होती. शब्द होता टेबल. इंग्रजांच्या भाषेत एखादा विषय टेबल करणं म्हणजे आत्ता लगेच चर्चेला घेणं, अमेरिकनांच्या भाषेत बाजूला ठेवून देणं. चर्चिलनं स्वतः हे लिहून ठेवलंय. आपण इंग्रजांचा अर्थ घेतला, म्हणून विधानसभेत कागदपत्रं सभागृहाच्या पटलावर ठेवतात. बिलियनचंही तसंच होतं. इंग्लंडमध्ये बिलियन म्हणजे दहा लाख गुणिले दहा लाख, म्हणजे आपले एक लाख कोटी, आणि अमेरिकेत १०० कोटी. हजार पटीचा फरक! १९७४ मध्ये इंग्लंडच्या सरकारनं अमेरिकेचा अर्थ स्वीकारला आणि मिटवलं.

आणखी अवघड म्हणजे जिथं अर्थ तोच राहतो पण वजन बदलतं. अमेरिकन पार्टीनं सॅम्पल बघून क्वाइट गुड लिहिलं तर खूश आहे, इंग्लंडच्या पार्टीनं तेच लिहिलं तर ठीकठाक आहे, अजून काहीतरी खुपतंय असं समजायचं. आम्ही एकदा हे न समजता सरळ प्रॉडक्शन लावलं होतं आणि मग काठाच्या शिलाईवरून दोन आठवडे मेलामेली झाली. सोलापुरात दोस्ताला काय बे म्हणतात त्यात सगळी माया असते, तोच बे दुसऱ्या गावात अनोळखी माणसाला म्हटला तर भांडण होईल. तसंच हे.

लग्नाच्या बायोडाटात मुलगी होमली आहे लिहितात. आपल्याला म्हणायचं असतं घर सांभाळणारी, मायाळू. अमेरिकेत होमली म्हणजे दिसायला बरी नसलेली. तिकडच्या स्थळाला बायोडाटा पाठवताना तेवढा शब्द काढाच, मी नात्यातल्या दोन मुलींचे स्वतः बसून काढलेत. दक्षिण आफ्रिकेत जस्ट नाऊ म्हणजे आत्ता नव्हे, नंतर कधीतरी, जसं आपण आलोच म्हणतो आणि समोरचा तासभर वाट बघतो, आणि तिथं रोबोट म्हणजे चौकातला सिग्नल. नायजेरियात तुम्हाला ठेच लागली तर शेजारचा सॉरी म्हणेल, त्याची काही चूक नसताना, कारण तिथं सॉरी म्हणजे अगं बाई, लागलं का गं. हा अर्थ मला फार आवडतो. आणि फिलिपिन्समधला एक शब्द ऐकून अंगावर काटा येतो. सॅल्व्हेज म्हणजे जगात सगळीकडं बुडत्यातून काहीतरी वाचवणं. फिलिपिन्समध्ये, हुकूमशहा मार्कोसच्या राजवटीच्या काळापासून, सॅल्व्हेज करणं म्हणजे पकडलेल्या माणसाला कोर्टात न नेता मारून टाकणं. तिथल्या बोलीत स्पॅनिशमधून आलेला क्रूर, दुष्ट अशा अर्थाचा एक सारखा वाटणारा शब्द होता, तो इंग्रजी शब्दाच्या कातड्यात शिरला असं जाणकार सांगतात. एका शब्दात एका देशाचा तो सगळा काळ आहे.

आमच्या ऑफिसात आता नियम केलाय. नावावर ऑर्डर घ्यायची नाही. नॅपकिन लिहिलं असलं तरी लांबी, रुंदी, जीएसएम (चौरस मीटरला किती ग्रॅम), वजन आणि कशासाठी वापरणार हे विचारायचं, फोटो मागायचा, आणि आपण जे समजलो ते आपल्या शब्दांत परत लिहून पाठवायचं. परत लिहून पाठवायला काही जण लाजतात, वाटतं समोरचा म्हणेल ह्यांना इंग्रजी येत नाही. आजवर एकाही पार्टीनं तसं म्हटलेलं नाही, उलट बरं झालं विचारलंत म्हणतात. नव्या पोरींना मी वही देते, पहिल्या पानावर मँचेस्टर आहे आणि त्याखाली त्या दिवशीची तारीख.

मागच्या आठवड्यात आयर्लंडची एक चौकशी आली. त्यात लिहिलेलं की टॉवेलची घडी हॉट प्रेसमध्ये नीट बसली पाहिजे. फिनिशिंगचा मुलगा विचारायला आला की मॅडम, ह्यांना गरम इस्त्री करून घड्या पाहिजेत का, टेरीवर तर पाइल, म्हणजे वरचे उभे धागे, बसून जाईल. मी पार्टीला फोटो मागितला. फोटोत पाणी तापवायच्या टाकीभोवती लाकडी फळ्यांचं एक कपाट होतं, टॉवेल उबदार राहावेत म्हणून त्यात रचून ठेवलेले. आयर्लंडमध्ये प्रेस म्हणजे कपाट. मुलानं फळीची खोली विचारून घेतली, घडीचं माप त्यानुसार काढलं, आणि वहीत त्याच्या हातानं लिहिलं: हॉट प्रेस, आयर्लंड, उबदार कपाट, इस्त्री करू नये.